नजर ६/६, तरी पडद्यावर आजार: मधुमेहात डोळे नेमके कसे तपासून घ्यायचे

मधुमेह असलेला माणूस तक्त्यावरची सर्वांत बारीक ओळ न अडखळता वाचतो आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्याच्या पडद्यावर नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या वाढत असतात. डोळ्यांच्या दवाखान्यात हे नवलाचं नाही. म्हणून ‘मला व्यवस्थित दिसतंय’ या वाक्यावर मधुमेहात विसंबता येत नाही. पडदा कुणीतरी आत डोकावून पाहिला पाहिजे, ठरल्या मुदतीला पाहिला पाहिजे आणि काय दिसलं ते लिहून मिळालं पाहिजे.

रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पडद्यातल्या केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरायला लागतात. भिंत कमजोर होते, तिला सूक्ष्म फुगवटे येतात आणि त्यांतून रक्त व चरबीयुक्त द्रव झिरपतो. पुढे काही केशवाहिन्या बंदच पडतात. तेवढ्या भागाला प्राणवायू कमी पडला की तो व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या उगवतात. या कच्च्या असतात, सहज फुटतात. हे सगळं चालू असताना दुखत काहीच नाही, कारण पडद्याला वेदना कळत नाही. वाचणं, चेहरा ओळखणं ही बारीक कामं पडद्याच्या मध्यावरचा मॅक्युला नावाचा चिमुकला भाग करतो. तो शाबूत आहे तोवर बाकी पडद्यावर रक्ताचे ठिपके असले तरी नजर चांगली राहते. त्यात एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, त्यामुळे एक डोळा बराच अधू होईपर्यंत पत्ताही लागत नाही.

या आजाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. नजर प्रामुख्याने दोन वाटांनी जाते: मॅक्युलाला सूज येऊन, किंवा नव्या रक्तवाहिन्या फुटून डोळ्याच्या आत रक्त साचून. दोन्हींवर चांगले उपचार आहेत. मात्र ते नजर टिकवण्यात जितके यशस्वी होतात तितके गेलेली नजर परत आणण्यात होत नाहीत.

पहिली तपासणी कधी

टाइप २ मधुमेहात निदान झालं की लगेच. ‘आत्ताच तर शुगर निघाली, डोळ्यांचं पुढे बघू’ हा विचार इथे चुकतो, कारण टाइप २ निदानाच्या आधी कित्येक वर्षं गुपचूप चालू असू शकतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात मधुमेहाचं निदान नव्याने झालेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोकांच्या पडद्यावर तेव्हाच खुणा सापडल्या होत्या.

टाइप १ बहुधा अचानक सुरू होतो, त्यामुळे मोठ्यांमध्ये निदानानंतर ५ वर्षांच्या आत पहिली तपासणी चालते. मुलांमध्ये साधारण ११व्या वर्षापासून किंवा वयात येण्याच्या सुमारास, आजाराला ३ ते ५ वर्षं झाल्यावर ती सुरू करतात.

मधुमेह असलेल्या स्त्रीने दिवस राहण्याआधी, किमान पहिल्या तीन महिन्यांत तरी पडदा तपासून घ्यावा. पुढे गरोदरपणात दर तीन महिन्यांनी आणि बाळंतपणानंतर वर्षभर डॉक्टर सांगतील तसं दाखवत राहावं. गरोदरपणात रेटिनोपॅथी झपाट्याने वाढू शकते. ज्यांना फक्त गरोदरपणापुरती शुगर आली आहे त्यांना यासाठी वेगळी पडदा-तपासणी लागत नाही.

पडद्यावर काहीच नसेल तर पुढची तपासणी एक वर्षाने. शुगर चांगली आटोक्यात असेल आणि आधीचे रिपोर्ट स्वच्छ असतील तर काही ठिकाणी दोन वर्षांचं अंतर मान्य करतात, पण ते अंतर डॉक्टरांनी ठरवायचं.

कोणती तपासणी धरायची आणि कोणती नाही

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. ‘डोळे तपासले’ म्हणणाऱ्या कित्येकांचा पडदा कुणी पाहिलेलाच नसतो.

चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडदा तपासणं नव्हे. यंत्रात बघायला लावून नंबर काढला, अक्षरं वाचून घेतली, डोळ्यावर हवेचा झोत मारून दाब मोजला, तरी पडदा पाहायचा राहिलेलाच असतो. मोतीबिंदू आहे का हे बॅटरीने पाहणंही त्यात धरू नका.

खरी तपासणी ओळखायची खूण सोपी आहे. दोनपैकी एक गोष्ट झालेली असली पाहिजे. पहिली म्हणजे थेंब घालून बाहुली मोठी केली, डॉक्टरांनी डोक्याला प्रकाशाचं उपकरण लावून हातातल्या भिंगातून आत पाहिलं आणि ‘वर बघा, उजवीकडे बघा, खाली बघा’ असं सगळ्या दिशांना बघायला सांगितलं. दुसरी म्हणजे फंडस कॅमेऱ्याने प्रत्येक डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले आणि ते जाणकार माणसाने किंवा मान्यताप्राप्त संगणकप्रणालीने वाचून निष्कर्ष दिला.

फोटोची तपासणी छाननीसाठी उत्तम आहे. पटकन होते, बऱ्याचदा थेंबही लागत नाहीत आणि पुढच्या वर्षी तुलना करायला पुरावा उरतो. तिच्या दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवा. फोटोत पडद्याचा मधला भाग येतो, कडेचा बराचसा येत नाही. आणि बाहुली लहान असेल किंवा मोतीबिंदू असेल तर फोटो धूसर येतो. अशा वेळी रिपोर्टवर ‘फोटो वाचण्यायोग्य नाही’ असा शेरा येतो. हा शेरा ‘काही सापडलं नाही’ असा समजून फाइलला लावला जातो आणि एक वर्ष वाया जातं. वाचता न आलेला फोटो म्हणजे न झालेली तपासणी. थेंब घालून प्रत्यक्ष तपासणी करून घ्यायची, तीही शक्यतो त्याच महिन्यात. ज्यांचे फोटो धूसर येतात त्यांत वयस्कर आणि जुना मधुमेह असलेले लोक जास्त असतात, म्हणजे धोकाही त्यांनाच जास्त.

संगणकप्रणालीने वाचलेला रिपोर्ट रेटिनोपॅथीपुरता असतो. काचबिंदू, मोतीबिंदू, चष्मा हे त्याने तपासलं असं गृहीत धरू नका.

तपासणीच्या दिवशी

उपाशी जायचं नाही. जेवण, गोळ्या, इन्सुलिन नेहमीच्या वेळेला घ्या. थेंब, वाट पाहणं, तपासणी, पुन्हा वाट पाहणं यात दोन तास सहज जातात आणि इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर रांगेतच उतरू शकते. जवळ काहीतरी गोड ठेवा. वापरातला चष्मा, चालू औषधांची यादी, गेल्या तीन महिन्यांतला एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी), बीपीचे आकडे, किडनीचे रिपोर्ट आणि डोळ्यांचे जुने कागद सोबत न्या. गॉगल आणि घरचं कुणीतरी बरोबर असावं, कारण थेंबांनंतर ४ ते ६ तास, कधी त्याहून जास्त वेळ, जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. या काळात गाडी चालवू नका.

आधी प्रत्येक डोळ्याची नजर वेगळी मोजतात. कमी भरली तर बारीक भोक असलेली काळी चकती डोळ्यासमोर धरून पुन्हा वाचायला लावतात. भोकातून नीट वाचता आलं तर दोष बहुधा चष्म्याच्या नंबरचा. तरीही सुधारलं नाही तर मोतीबिंदू किंवा पडदा याकडे संशय जातो. मग डोळ्याचा दाब, आणि त्यानंतर थेंब. बाहुली मोठी व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. जुन्या मधुमेहात नसांवर परिणाम झाल्यामुळे बाहुली आळशी होते आणि थेंब दोन-तीनदा घालावे लागतात. बाहुली नीट उघडेपर्यंत थांबा. अर्धवट उघडलेल्या बाहुलीतून पडद्याच्या कडा दिसत नाहीत.

हृदयविकार असेल, बीपी फार वाढलेलं असेल किंवा पूर्वी काचबिंदू सांगितला असेल तर थेंब घालण्याआधी सांगा. घरी गेल्यावर डोळा खूप दुखला, लाल झाला, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसली किंवा उलटी झाली तर त्याच दिवशी परत जा. क्वचित कुणाच्या डोळ्याचा दाब थेंबांनी एकदम चढतो.

संशय आला तर पुढच्या दोन चाचण्या सांगतात. ओसीटीमध्ये प्रकाशाने पडद्याचा उभा छेद दिसतो आणि मॅक्युलाची सूज मायक्रॉनमध्ये मोजली जाते. इंजेक्शन नाही, वेदना नाही, काही मिनिटांचं काम. यातला मध्यभागाच्या जाडीचा आकडा जपून ठेवा आणि पुढचं ओसीटी शक्य तो त्याच प्रकारच्या यंत्रावर करा. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं जाडी वेगळ्या सीमारेषांवरून मोजतात, त्यामुळे सूज तेवढीच असूनही आकडा वाढलेला किंवा कमी झालेला दिसतो. दुसरी चाचणी अँजिओग्राफी. हातातल्या शिरेतून फ्लुरेसिन नावाचा रंग देऊन फोटो काढतात. थोडी मळमळ होऊ शकते, दिवसभर कातडी पिवळसर आणि लघवी गडद पिवळी दिसते, तेवढ्याने घाबरू नये. अॅलर्जी, किडनीचा आजार, दमा किंवा गरोदरपण असेल तर ते आधी सांगणं मात्र आवश्यक आहे.

रिपोर्ट घेतल्याशिवाय उठू नका

‘थोडंसं आहे, काळजी करू नका’ एवढ्यावर बाहेर पडू नका. चार गोष्टी लिहून मागा: उजव्या डोळ्यातल्या आजाराची पायरी, डाव्या डोळ्यातल्या आजाराची पायरी, मॅक्युलाला सूज आहे की नाही, आणि पुढची तारीख. पायरी आणि सूज या वेगळ्या गोष्टी आहेत. आजार सौम्य असूनही मॅक्युला सुजलेला असू शकतो, आणि आजार पुढे गेलेला असूनही मॅक्युला कोरडा असू शकतो.

पायऱ्यांचा अर्थ साधारण असा:

- रेटिनोपॅथी नाही: एक वर्षाने पुन्हा.
- सौम्य: फक्त सूक्ष्म फुगवटे. ६ ते १२ महिन्यांनी.
- मध्यम: फुगवट्यांबरोबर रक्ताचे ठिपके, पिवळट साके किंवा कापसासारखे पांढरे डाग. ३ ते ६ महिन्यांनी.
- तीव्र: पडद्याचे चार भाग कल्पून चारही भागांत भरपूर रक्तस्राव, किंवा दोन भागांत शिरा मण्यांच्या माळेसारख्या गाठाळलेल्या, किंवा एका भागात केशवाहिन्यांची ठळक वेडीवाकडी जाळी. तीनपैकी एक जरी दिसलं तरी ही पायरी. ३ महिन्यांच्या आत पुन्हा, काही जणांना लगेच लेसर.
- प्रोलिफरेटिव्ह: नव्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत. उपचार दिवसांच्या किंवा फार तर काही आठवड्यांच्या आत.

मॅक्युलाच्या केंद्रापर्यंत सूज पोचली असेल तर पायरी कोणतीही असो, सुरुवातीला दर महिन्याला दाखवावं लागतं.

तीव्र पायरी फसवी असते. या पायरीवरच्या पुष्कळ लोकांना स्वच्छ दिसत असतं, पण उपचार न झालेल्या अशा डोळ्यांपैकी जवळपास निम्म्यांत वर्षभरात नव्या रक्तवाहिन्या येतात. ‘पुढच्या महिन्यात लग्नकार्य आहे, नंतर येतो’ म्हणून तारीख पुढे ढकलली जाते ती नेमकी इथे. आमच्या मते सबंध आजारात सर्वांत मोलाची तारीख हीच आहे. ती हलवायची असेल तर पुढे नका ढकलू, अलीकडे आणा.

रिपोर्टची एक प्रत मधुमेहाच्या डॉक्टरांनाही द्या. पडद्याच्या आणि किडनीच्या केशवाहिन्या एकाच कारणाने बिघडतात. पडद्यावर खुणा सापडल्या तर लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासायलाच हवं.

घरी एक मिनिट

वाचायचा चष्मा लावा. एक डोळा तळहाताने पूर्ण झाका, पण दाबू नका. चौकोनी रेघांचा कागद ३० ते ३५ सेंटिमीटरवर धरा आणि मधोमध काढलेल्या ठिपक्याकडे बघत राहा. रेघा वाकड्या, तुटलेल्या किंवा मध्येच पुसल्यासारख्या दिसतात का? मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही चाचणी करण्याला काही अर्थ नाही, चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकून टाकतो. आठवड्यातून एकदा पुरे.

बदल दिसला तर ताबडतोब दाखवा. बदल दिसला नाही तर त्यावरून पडदा निरोगी आहे असं ठरत नाही. ही चाचणी फक्त मध्यभागाची आहे आणि मोठा बिघाडच पकडते. ती वार्षिक तपासणीची जागा घेत नाही.

लगेच धावायची लक्षणं

डोळ्यासमोर अचानक काळ्या ठिपक्यांचा, धाग्यांचा किंवा काजळीचा वर्षाव झाला, लालसर धुकं पसरलं, एका बाजूने नजरेवर काळा पडदा ओढल्यासारखं वाटलं, विजेसारखे चमकारे दिसू लागले, एका डोळ्याची नजर एकदम गेली, एकाचे दोन दिसू लागले किंवा पापणी खाली पडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोळ्यात रक्त उतरलं असावं असं वाटत असेल तर तपासणी होईपर्यंत जड वस्तू उचलू नका, वाकून कामं करू नका आणि झोपताना डोकं उंचावर ठेवा. रक्ताला गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलेली गोळी स्वतःहून बंद करू नका. अॅस्पिरिनमुळे रेटिनोपॅथी वाढत नाही, आणि ती बंद केल्याने हृदयाचा धोका मात्र वाढतो.

उपचार सुरू झाल्यावर काय चुकतं

मॅक्युलाच्या सुजेवर बहुधा डोळ्याच्या आत इंजेक्शन देतात. ते व्हीईजीएफला अडवतं. भूल देणारे थेंब घातलेले असतात, त्यामुळे दाब जाणवतो पण फारसं दुखत नाही. परिणाम काही आठवडेच टिकतो, म्हणून सुरुवातीचे काही महिने दर महिन्याला आणि नंतर ओसीटी पाहून अंतर वाढवत इंजेक्शन लागतं. दोन इंजेक्शनं झाली, दिसायला लागलं, बंद केलं, हे इथे सर्रास होतं आणि सूज परत येते. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा की किती महिन्यांचा बेत आहे, आणि येण्या-जाण्याची, रजेची तेवढी सोय आधीच लावा. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस काळे बुडबुडे तरंगताना दिसू शकतात. पण पहिल्या आठवड्यात वेदना वाढत गेली, लाली वाढली आणि नजर कमी झाली तर रात्र असली तरी थांबू नका. डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो.

नव्या रक्तवाहिन्यांवर लेसर किंवा इंजेक्शनं दोन्ही चालतात. लेसरमध्ये पडद्याच्या कडेच्या भागावर शेकडो बारीक डाग देतात, त्या भागाची प्राणवायूची गरज कमी होते आणि नव्या रक्तवाहिन्या आक्रसतात. काम एक-दोन किंवा अधिक बैठकांत होतं. त्याची किंमत म्हणून रात्रीची आणि कडेची नजर थोडी कमी होऊ शकते, पण गंभीर अंधत्वाचा धोका निम्म्याहून कमी होतो. लेसरने चष्मा सुटेल किंवा आधीपेक्षा चांगलं दिसेल अशी अपेक्षा ठेवली की निराशा होते आणि पुढच्या बैठका टळतात. ज्यांना नियमित येणं जमणार नाही त्यांनी हे मोकळेपणाने सांगावं. फक्त इंजेक्शनांवर असलेला रुग्ण मध्येच गायब झाला तर त्याचा डोळा लेसर झालेल्या डोळ्यापेक्षा जास्त बिघडतो, म्हणून अशा वेळी लेसरचं पारडं जड होतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर त्याआधी पडद्याची स्थिती पाहून घ्या. ऑपरेशननंतर मॅक्युलाची सूज वाढू शकते, आणि मग भिंग उत्तम बसूनही नजर येत नाही.

शुगर, बीपी आणि घाईने उतरलेली शुगर

शुगर आटोक्यात ठेवण्याचा फायदा पक्का आहे. टाइप १ वरच्या डीसीसीटी या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काटेकोर नियंत्रणाने नवीन रेटिनोपॅथीचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. यूकेपीडीएसमध्ये नुसतं बीपी चांगलं ठेवल्यानेही रेटिनोपॅथी वाढण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी घटलं. बीपीकडे डोळ्यांसाठी म्हणून फारसं कुणी बघत नाही, बघायला हवं.

मात्र बरीच वर्षं वाढलेला एचबीए१सी काही महिन्यांत झपाट्याने खाली आला तर आधीपासून असलेली रेटिनोपॅथी तात्पुरती बळावू शकते. इन्सुलिन नव्याने सुरू करताना किंवा शुगर जोरात उतरवणारी आठवडी इंजेक्शनं सुरू करताना हे दिसतं. म्हणून उपचार टाळायचा नसतो, लांबचा फायदा त्याचाच आहे. त्याआधी पडदा तपासायचा आणि आजार मध्यम किंवा त्याहून पुढे असेल तर पहिलं वर्ष तपासण्यांमधलं अंतर कमी ठेवायचं. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी चालू असेल आणि मॅक्युलाला सूज असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवा, कारण ती गोळी अंगात पाणी धरते आणि सूज वाढवू शकते.

शुगर खालीवर होत असताना डोळ्यातलं भिंग फुगतं-आक्रसतं आणि नंबर आठवड्यागणिक बदलतो. नवा चष्मा शुगर चार ते सहा आठवडे स्थिर राहिल्यावर करा. पण धूसरपणा ‘शुगरमुळे असेल’ म्हणून पडदा पाहणं तेवढे आठवडे लांबवू नका.

बरीच वर्षं तपासणी झालीच नसेल तर

‘आधी शुगर खाली आणतो, मग डोळे दाखवतो’ असं करू नका, वर दिलेल्या कारणामुळे हा क्रम उलटा आहे. वेळ घेताना स्पष्ट सांगा: मधुमेह किती वर्षांचा, पडद्याची शेवटची तपासणी कधी झाली किंवा कधीच झाली नाही, आणि आत्ता काही लक्षणं आहेत का. मधुमेह जुना असेल, किडनीचा त्रास असेल, बीपी वाढलेलं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर तेही फोनवरच सांगा, म्हणजे तारीख लवकरची मिळण्याची शक्यता वाढते. पडद्याच्या फोटोची सोय जवळपास असेल आणि डॉक्टरांची तारीख लांबची असेल तर आधी फोटो काढून घ्या. घरातलं माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल तर घरी येऊन थेंब घालून पाहणारे डॉक्टर किंवा हातात धरायचा फंडस कॅमेरा मिळतो का याची चौकशी करा. आणि पहिल्या तपासणीत काहीही निघालं, तरी पुढची तारीख त्याच टेबलावर ठरवून फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, सोबत घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्येही.